नेमक्या त्या रात्रीचंच रेकॉर्डिंग का नसतं?

आमची वाडी हर्णैच्या दक्षिणेला, रात्री अंथरुणात समुद्राची गाज ऐकू येईल एवढ्या अंतरावर. घरं सत्तावीस, त्यातली अकरा वर्षातले दहा महिने बंद. माणसं मुंबई-ठाण्याकडे, येणार ती गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. त्यातल्या नऊ घरांच्या चाव्या माझ्याकडे असतात, आणि चाव्यांच्या मागोमाग कॅमेरेही माझ्याच गळ्यात पडले. माझा मूळ धंदा पंप दुरुस्तीचा. हाताशी मल्टीमीटर होता एवढंच भांडवल. बाकीचं लोकांच्या घरी चुका करून शिकलो.

तक्रार मात्र नऊही घरांत एकच येते. कॅमेरा चालू होता, दिवा लागलेला होता, मोबाइलवर चित्र दिसत होतं, पण नेमक्या त्या रात्रीचं रेकॉर्डिंग नाही. महिन्याची वर्गणी न भरता, क्लाउडच्या म्हणजे कंपनीच्या सर्व्हरच्या भानगडीत न पडता रेकॉर्डिंग घरातच ठेवायचं असेल, तर ही तक्रार कधीतरी तुमच्याही वाट्याला येणार. एका घराची गोष्ट सांगतो, म्हणजे बाकीचं समजायला सोपं जाईल.

डोंबिवलीचे काका गणपतीला आले, तर मागच्या पडवीतला तांब्याचा बंब गायब. आजोबांच्या वेळचा, दोन माणसांनी उचलायचा. कॅमेरा बरोबर त्या पडवीकडेच तोंड करून. काकांनी ॲप उघडलं तर ते म्हणतंय, मागचे व्हिडिओ बघायचे तर प्लॅन घ्या. खरेदीबरोबर मिळालेला तीस दिवसांचा मोफत काळ केव्हाच संपला होता. मी शिडी लावून वर चढलो आणि कॅमेऱ्याच्या पोटाखालचं रबरी झाकण उघडलं. आत मेमरी कार्डाची खाच होती. रिकामी. बसवणाऱ्यानं झाकण उघडूनच पाहिलं नव्हतं.

कार्ड घातलं. शिमग्याला विहिरीवरच्या पंपाची केबल कापून नेली, तेव्हा कार्डात गेल्या नोव्हेंबरपर्यंतचंच रेकॉर्डिंग. कार्ड मेलं होतं आणि ॲपमध्ये 'नॉर्मल' लिहिलेलं होतं. कार्ड बदललं. मे महिन्यात ओटीवरचे आंब्याचे चार क्रेट गेले, तेव्हा त्या तारखेला कॅलेंडरवर काहीच नाही. काका फोनवर शांतपणे म्हणाले, "अरे, मग हा कॅमेरा नक्की बघतो तरी काय?"

तीन वेळा तीच तक्रार, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं. कॅमेरा वाईट म्हणून फेकून दिला असता तर नवा कॅमेराही तसाच वागला असता.

विकत घेण्याआधी

दुकानात सगळे मेगापिक्सेल विचारतात. मी आधी विचारतो, इंटरनेट बंद पडलं तर हा रेकॉर्डिंग करतो का, आणि केलेलं मला दाखवतो का? दोन्हींचं उत्तर 'हो' हवं. काही कॅमेरे इंटरनेटशिवाय रेकॉर्ड करत राहतात, पण ते पाहायला पुन्हा कंपनीच्या सर्व्हरमधून लॉगिन मागतात. काहींमध्ये माणूस ओळखण्याची सोय कॅमेऱ्यातच असते, काहींत ती वर्गणीमागे दडवलेली असते. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून परत करण्याची मुदत संपायच्या आत घरी एक चाचणी करा. कॅमेरा सुरू करून राउटरला येणारी इंटरनेटची तार काढा (सिमचा राउटर असेल तर सिम काढा), वाय-फाय चालू राहू द्या. कॅमेऱ्यासमोर अर्धा तास ये-जा करा, मग त्याच वाय-फायवरून रेकॉर्डिंग उघडा. उघडलं तर कॅमेरा ठेवा. नाही उघडलं तर तो तुमचा नाही, कंपनीचा आहे. 'सगळं घरातच राहतं' या जाहिरातीवर विसंबायचं नाही, कारण युफीच्या कॅमेऱ्यांबाबत तसं सांगितलं जात असताना छोटी चित्रं क्लाउडवर जात असल्याचं २०२२ मध्ये उघडकीला आलं होतं.

अमेरिकेतला कुणी भाचा कौतुकानं कॅमेरा घेऊन येतो, त्याचंही सांगतो. रिंगच्या कॅमेऱ्यात वर्गणी नसेल तर थेट चित्र दिसतं, मागचं काही राहत नाही. ब्लिंकला घरात रेकॉर्डिंग ठेवायचं तर वेगळं सिंक मॉड्यूल आणि पेनड्राइव्ह लागतो. भाच्याला आधी फोन करा.

पुढे कधी रेकॉर्डर, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र डिस्कवर साठवणारा डबा, जोडायचा असेल तर कॅमेऱ्यात ऑनव्हिफ किंवा आरटीएसपी असायला हवं. ऑनव्हिफ म्हणजे एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरशी बोलावा म्हणून ठरवलेली भाषा. ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून ती २००८ मध्ये सुरू केली. आरटीएसपी म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र थेट रेकॉर्डरकडे पाठवायची पद्धत. टापो कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांत ॲपमध्ये जाऊन 'कॅमेरा अकाउंट' तयार केलं की आरटीएसपी चालू होतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बॅटरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांत बहुधा यातलं काहीच मिळत नाही. बॅटरी वाचवायची म्हणून ते झोपलेले असतात, हालचाल झाली की जागे होतात, आणि जागे होईतो माणूस चौकटीतून निघून गेलेला असतो. त्यातल्या सोलर कॅमेऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: माडांच्या सावलीत आणि जून ते सप्टेंबरच्या मळभात तो घेऊ नये.

आणि बिननावाचा जुना माल स्वस्त मिळतो म्हणून उचलू नका. एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे; त्याआधीचा साठा खपवणारे तालुक्याच्या बाजारात भेटतातच.

किती दिवस मागचं हवं?

शहरातल्या माणसाला चोरी दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. आमच्याकडे ती गणपतीला कळते. हा फरक कुठल्याच दुकानदाराच्या हिशोबात नसतो. पंधरा दिवसांनी जुनं पुसून नवं लिहिणारी यंत्रणा बंद घरात असून नसल्यासारखी.

हिशोब सोपा आहे. १ एमबीपीएस (सेकंदाला दहा लाख बिट) वेगानं दिवसभर रेकॉर्डिंग केलं की १०.८ जीबी होतात. २ एमबीपीएसला २१.६. म्हणजे १२८ जीबीचं कार्ड दोनच्या वेगानं साडेपाच-सहा दिवसांत भरतं. चार कॅमेरे दोननं चालवले तर रोजचे ८६ जीबी, आणि १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत संपते. मला बंद घरासाठी साठ दिवस हवे असतात. चार कॅमेरे, प्रत्येकी १ एमबीपीएस, साठ दिवस म्हणजे सुमारे २,६०० जीबी, म्हणून ४ टीबीची डिस्क.

१ एमबीपीएसमध्ये चित्र चांगलं येईल का, हा पुढचा प्रश्न. चित्र कमी जागेत दाबून बसवणारी एच.२६५ पद्धत निवडा, सेकंदाच्या फ्रेम २५ वरून १०-१२ वर आणा, आणि तेवढ्या वेगात झेपेल एवढंच रिझोल्यूशन ठेवा. रिकाम्या खळ्याचं चित्र बारा फ्रेमांत अगदी नीट दिसतं. मी तर फाटकापाशी एकच कॅमेरा चेहरा दिसेल असा खाली, डोक्याच्या थोडा वर लावतो आणि त्याला २ एमबीपीएस देतो. बाकीचे नुसते कोण कुठून गेलं हे दाखवायला. पत्र्याखाली पंधरा फुटांवर लावलेला कॅमेरा चोराची टोपी फार सुंदर टिपतो.

डिस्क घ्यायची ती सीसीटीव्हीसाठी बनवलेली. डब्ल्यूडी पर्पल आणि सीगेट स्कायहॉक ही दोन नावं दुकानात चालतात. जुन्या संगणकातली काढून घातलेली डिस्कही चालते, किती दिवस ते मात्र तिच्या मनावर.

कार्ड मरतं आणि सांगत नाही

मेमरी कार्डावर ठरावीक वेळाच लिहिता येतं. वरच्या हिशोबानं १२८ जीबीचं कार्ड वर्षाला साठेक वेळा पूर्ण पुसून पूर्ण लिहिलं जातं. फोटोसाठीच्या साध्या कार्डाला ही सवय नसते, आणि अनेक साध्या कार्डांच्या वॉरंटीतून सतत रेकॉर्डिंगचा वापर वगळलेलाच असतो. 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेली कार्डं याच कामासाठी असतात. सॅनडिस्क आणि सॅमसंग दोघांचीही मिळतात, थोडी महाग.

झिजलेलं कार्ड बऱ्याचदा फक्त वाचू देतं, लिहू देत नाही. कॅमेऱ्याला ते दिसतं, त्याचा आकार दिसतो, म्हणून ॲपमध्ये 'नॉर्मल'. काकांच्या घरी झालं ते हेच. दुसरं कारण वीज. लिहिता लिहिता वीज गेली की कार्डावरची यादी अर्धवट राहते. असं रोज चार वेळा झालं की एक दिवस सगळंच वाचता येईनासं होतं.

'नॉर्मल' शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. महिन्यातून एकदा कालची नव्हे, परवा रात्री तीनची क्लिप उघडून चालवून बघायची. मी नऊ घरांची ही फेरी अमावास्येला करतो, कारण ती तारीख लक्षात राहते. कार्ड फॉरमॅट करायचं ते कॅमेऱ्यातूनच, संगणकावर नाही. आणि नवं कार्ड बसवण्याआधी संगणकावर एफ-थ्री किंवा एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत प्रोग्रामनं ते पूर्ण भरून तपासा. १२८ लिहिलेलं आणि आत प्रत्यक्षात ३२ असलेलं कार्ड मी स्वतः पैसे मोजून घेतलेलं आहे. सुरुवातीचे काही दिवस ते अगदी गुणी असतं.

कार्डात आणखी एक खोट आहे. चोरानं कॅमेरा उपटून नेला तर कार्डही त्याच्याबरोबर जातं. म्हणून जिथं खर्च झेपतो तिथं रेकॉर्डर माजघरात, नजरेला न पडेल असा, आणि कॅमेऱ्यात कार्डही ठेवायचं. मधली तार तुटली तरी कार्डावर राहतं, आणि काही रेकॉर्डर तार जुळल्यावर तेवढा भाग कार्डावरून स्वतःकडे ओढूनही घेतात. रेकॉर्डर कौलाखालच्या माळ्यावर मात्र ठेवू नका. एप्रिलमध्ये तिथं हात लावून बघा, मग कळेल.

फक्त रात्रीच गायब

दिवसाचं सगळं आहे, अंधार पडला की तुकडे तुकडे. हा दोष इतका नेमका आहे की लोकांना त्यात करणी दिसते. वाडीतल्या एका आजींनी तर कॅमेऱ्यावरून लिंबू ओवाळायला लावलं होतं. मी नाही म्हटलं नाही. लिंबानं व्होल्टेज कमी होत नाही.

कारण असं. अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याला विजेची ओढ दुप्पट-अडीचपट होते. १२ व्होल्टचा ॲडॉप्टर घरात, कॅमेरा गोठ्यावर, मध्ये चाळीस मीटर बारीक तार. समजा तारेचा जाऊन-येऊन रोध ५ ओहम आहे. दिवसा कॅमेरा ०.२ अँपिअर घेतो, तारेत १ व्होल्ट जातो, कॅमेऱ्याला ११ मिळतात, तो खूश. रात्री ०.५ अँपिअर घेतो, अडीच व्होल्ट वाटेत जातात आणि हाती साडेनऊ उरतात. कॅमेरा बंद पडतो, दिवे विझतात, ओढ कमी होते, व्होल्टेज वर येतं, तो पुन्हा सुरू होतो, दिवे पुन्हा लागतात. पहाटेपर्यंत हाच खेळ, आणि प्रत्येक खेपेला मिनिटभराचं रेकॉर्डिंग जातं.

तपासायचं रात्रीच, आणि कॅमेऱ्याच्या टोकाला. घरातल्या टोकाला १२ दाखवणारच. कॅमेऱ्यापाशी साडेदहाच्या खाली गेलं की तार बदला किंवा ॲडॉप्टर कॅमेऱ्याजवळ न्या. बाजारातल्या स्वस्त '३+१' केबलमध्ये आणि स्वस्त लॅन केबलमध्ये तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. सुरीनं खरवडून बघा, पांढरं दिसलं तर परत करा.

नव्यानं करत असाल तर पीओई घ्या, म्हणजे एकाच लॅन केबलमधून वीज आणि चित्र. वीज ४८ व्होल्टच्या आसपास जाते, त्यामुळे तेवढ्याच कामाला करंट कमी आणि गळतीही कमी. केबल १०० मीटरपर्यंत नेता येते. वाय-फायची चिऱ्याच्या भिंतींशी होणारी झटापटही संपते. आमच्या जुन्या घरांची दीड फुटी भिंत ओलांडून वाय-फाय पडवीत पोहोचला तर तो पाहुण्यासारखा, थोडा वेळ बसून जातो.

१९७० सालचे आंबे

काकांच्या ओटीवरच्या क्रेटचं रेकॉर्डिंग मिळालं. ते जानेवारी १९७० या महिन्यात होतं.

घर बंद, म्हणून राउटरच्या सिमचं रिचार्ज कुणी केलं नाही. इंटरनेट नाही. त्यात वीज गेली आणि आली. त्या कॅमेऱ्यात घड्याळ जागं ठेवणारी बॅटरी नाही. वीज आल्यावर वेळ विचारायला इंटरनेट नाही. मग तो आरंभाच्या तारखेवर जातो. बहुतेक उपकरणं वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, आणि ती मध्यरात्र ग्रिनिचची असल्यामुळे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच दाखवतात. काही कॅमेरे २००० सालावर जातात. रेकॉर्डिंग सुरू असतं, फक्त चुकीच्या कप्प्यात पडत असतं.

म्हणून 'काही नाही' असं ठरवण्याआधी कॅलेंडर मागे सरकवून १९७० आणि २००० चा जानेवारी बघा. रेकॉर्डिंग सापडलं तर खरी वेळ काढता येते. मी त्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला तुळशीपाशी दिवा लावायला गेलो होतो. रेकॉर्डिंगमध्ये मीच दिवा लावताना दिसलो, तिथं वेळ होती सकाळची ११:१०. फरक ७ तास ३५ मिनिटं. तो मिळवत गेलो आणि क्रेट नेणारा सापडला, दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला. टेम्पोवाला. काकांनी ठरवलेलाच, एक दिवस आधी आला होता एवढंच. बिचाऱ्यावर फुकट संशय गेला असता.

कायमचा उपाय रेकॉर्डरमध्ये आहे. त्याच्या आत सीआर२०३२ जातीचा, रुपयाएवढा चपटा सेल असतो. तीन-चार वर्षांनी तो उतरतो. किंमत किरकोळ. रेकॉर्डरचं घड्याळ नीट असलं की तो आपल्याला जोडलेल्या कॅमेऱ्यांनाही वेळ देऊ शकतो, ती सोय सेटिंगमध्ये चालू करा. नुसता कार्डवाला कॅमेरा असेल तर सिमचं वर्षाचं रिचार्ज करून ठेवा. टाइम झोन साडेपाच तासांचा आहे ना, तेही एकदा पाहा. पाच घरांत तो चीनचा निघाला.

वीज

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, तेव्हा आमच्या बाजूला आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्याला कुठलाच इन्व्हर्टर पुरत नाही. पण रोजच्या दोन-चार तासांना पुरावा. रेकॉर्डर १५ वॅट, चार कॅमेरे मिळून २०, राउटर १०, वर इन्व्हर्टरचं स्वतःचं खाणं १५-२०. म्हणजे साठ-पासष्ट वॅट. १५० एएचच्या बॅटरीतून हजारएक वॅट-तास धरले तर पंधरा तास निघतात. फ्रिज त्यावर नसेल तर.

इन्व्हर्टर असूनही वीज जाताना रेकॉर्डर बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागची कळ बघा. इको मोडमध्ये तो बॅटरीवर यायला क्षणभर जास्त घेतो. यूपीएस मोडमध्ये चटकन येतो, पण मग साधारण १८० व्होल्टच्या खाली गेलं की लगेच बॅटरीवर उडी मारतो. आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी व्होल्टेज १८० च्या आसपासच घुटमळतं, त्यामुळे बॅटरी रोज रात्री रिकामी. मी इन्व्हर्टर इकोवर ठेवतो आणि राउटर-रेकॉर्डरला १२ व्होल्टचे छोटे मिनी यूपीएस देतो. रेकॉर्डर आणि आतली डिस्क मिळून किती अँपिअर घेतात ते बघूनच घ्या, राउटरचा यूपीएस रेकॉर्डरला बहुधा अपुरा पडतो.

वळिवाच्या विजांचं वेगळं. घर ते मांगर (सामानाची खोप) अशी लांब तांब्याची तार म्हणजे विजेला दिलेलं आमंत्रण. वीज मांगराजवळ पडली तरी धक्का तारेतून येऊन रेकॉर्डर जाळतो. लांबच्या जागेला फायबर टाका, दोन टोकांना दोन कन्व्हर्टर. काचेतून वीज येत नाही. परवडत नसेल तर गडगडाट सुरू झाला की ती एक तार काढून ठेवायची. बंद घरात ती कोण काढणार, तर मी.

खारा वारा

खोक्यावर आयपी६६ किंवा आयपी६७ लिहिलेलं असतं. ती चाचणी धूळ आणि साध्या पाण्याची. मिठाचा तिच्याशी काही संबंध नाही. कॅमेरा सहसा आतून खराब होत नाही, त्याच्या शेपटीला असलेली जोडणी जाते. ओल शिरली, त्यात मीठ, वर डीसी वीज. सहा महिन्यांत पिना हिरव्या. तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो तोच प्रकार. लक्षण म्हणजे पाऊस पडला की कॅमेरा जातो, दोन दिवस ऊन पडलं की येतो.

जोडणी उघड्यावर लोंबू द्यायची नाही, बंद डबीत घ्यायची. पिनांना सिलिकॉन ग्रीस. वरून साधी काळी टेप नाही, ती पहिल्या उन्हात सुटते. ताणून गुंडाळल्यावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप मिळते, ती. तार डबीत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकेल, आत जाणार नाही. कॅमेरा पागोळ्यांच्या आत घ्या. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, एसएस ३१६ जातीचे, ते तालुक्याला मिळत नाहीत, मी ठाण्याहून आणवतो. समुद्रासमोर ॲल्युमिनियमच्या अंगाचा कॅमेरा आणि लोखंडी स्क्रू ही जोडी दोन पावसाळ्यांत एकमेकांना खाते. तिथं प्लास्टिकचं अंग चांगलं.

लांबून बघायचं असेल तर

वर्गणी नको म्हणजे मुंबईहून दिसणारच नाही असं नाही. कंपनीच्या ॲपमधून थेट चित्र बहुधा फुकट दिसतं. ते कंपनीच्या वाटेनं येतं हे लक्षात ठेवून बेडरूममध्ये कॅमेरा लावू नये, इतकंच. ती वाटही नको असेल तर टेलस्केलसारखा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारी खाजगी वाट, घरातल्या एखाद्या छोट्या यंत्रावर चालवा. सिमच्या इंटरनेटवर राउटरला बहुधा स्वतःचा पत्ता मिळत नाही, त्यामुळे पोर्ट उघडण्याचा, म्हणजे राउटरमध्ये बाहेरून आत यायला दार ठेवण्याचा, जुना उपाय तिथं चालत नाही, आणि जिथं चालतो तिथंही करू नये. २०१६ मध्ये मिराई नावाच्या संगणकी किड्यानं जगभरचे असे उघड्यावरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर (डीव्हीआर) कारखान्याच्या पासवर्डवरून ताब्यात घेतले होते. तुमचा पासवर्ड अजून 'ॲडमिन' असेल तर हे वाचणं थांबवून आधी तो बदला.

सापडलं, पुढे काय

चोर दिसला की लोक स्क्रीनचा मोबाइलनं व्हिडिओ काढतात आणि वाडीच्या ग्रुपवर टाकतात. मूळ रेकॉर्डिंग तिकडे पुसलं जात राहतं. आधी ते पेनड्राइव्हवर उतरवा, दोन प्रती करा, घड्याळ किती मिनिटं पुढे-मागे आहे ते कागदावर लिहा. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे; त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा प्रतीबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचा हॅश आकडा (फाइल जरा बदलली तरी बदलणारी तिची खूण) येतो. पूर्वी हेच कलम ६५ब होतं, आणि ते प्रमाणपत्र आवश्यकच आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सांगितलं. रेकॉर्डर घरात तुमच्या ताब्यात असेल तर हा कागद करणं सोपं जातं. पोलीस रेकॉर्डरच मागतात तेव्हा पंचनाम्यात त्याचा सीरियल नंबर येतोय ना, बघा.

आता राहिला कोळी. इन्फ्रारेड दिव्यापाशी किडे येतात, किड्यांमागे पाल येते, आणि कोळी तर थेट काचेसमोरच जाळं बांधतो. रात्री ते जाळं पांढरंफेक चमकतं, वाऱ्यानं हललं की 'हालचाल' समजून रेकॉर्डिंग, एका रात्रीत तीनशे क्लिप. माणूस ओळखणारा कॅमेरा घेतला की सूचना थांबतात. कॅमेऱ्याचे दिवे बंद करून सहा फुटांवर वेगळा दिवा लावला की किडे तिकडे जातात. पण कोळी जात नाही. रॉकेल, कापूर, कडुनिंबाचं तेल सगळं लावून झालं. शेवटी बांबूला कुंचा बांधलाय, अमावास्येच्या फेरीला तो बरोबर नेतो.